नव्वद दिवस आणि आईची पाठ

विलो क्रीक, आयोवा
४ ऑक्टोबर १९२०

प्रिय सिग्ने,

काल चर्चमध्ये पाद्रीबाबांनी तुरुंगात असलेल्यांसाठी प्रार्थना केली, तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. घरी येताना आमचा नवरोबा एमिल म्हणाला, त्यातल्या निम्म्या माना सिग्नेनंच सरळ केल्यात, म्हणून तर इतक्या झटकन वळतात. मला हसू आलं नाही.

फोन करणार होते. पण आपल्या फोनच्या एकाच लाइनीवर अकरा घरं आहेत, आणि घंटा वाजली की अकराही घरं नळी कानाला लावून बसतात. म्हणून हे पत्र.

तुला आत जाऊन दोन आठवडे झाले. परवान्याशिवाय लोकांचे मणके बसवतेस म्हणून न्यायाधीशांनी तुझ्यापुढे दोन रस्ते ठेवले होते, दंड भर नाहीतर नव्वद दिवस बस. कुठलीही शहाणी बाई दंड भरून घरी येऊन जेवली असती. एमिल पैसे घेऊन उभाच होता. तू भर कोर्टात त्याला म्हणालीस, खिशात ठेव ते. बिचारा मका विकायला आलेल्या माणसासारखा तिथे उभा राहिला, आणि तू मान ताठ करून शेरीफबरोबर चालू लागलीस. लग्नाला निघाल्यासारखी.

आता इकडचं ऐक. तुझे पेशंट माझ्या ओसरीवर येऊन बसतात. बहीण आहे म्हणजे हिच्याही हातात काहीतरी असेलच, असं त्यांना वाटतं. म्हातारा ओल्सेन कमरेत काटकोन होऊन आला आणि म्हणाला, थोडं दाबून तर बघ, चुकलं तर चुकलं. मी त्याला कॉफी दिली आणि त्याच काटकोनात घरी पाठवला. मका तोडणीला आलाय. दिवसभर तळहाताला आकडा बांधून कणसं सोलणारी आठ माणसं माझ्याकडे तीन वेळा जेवतात. माझ्या नाकी नऊ आलेत.

आणि आई. तू दर शनिवारी ते घडीचं टेबल घेऊन यायचीस, तासभर तिच्या पाठीशी बसायचीस, आणि तिचा आठवडा निघायचा. दोन शनिवार गेले. तिची पाठ ठणकतेय. झोप नाही. विचारलं की एकच उत्तर, सिग्ने येईल तेव्हा बघेल. सिग्ने येणार नाही ना, मी म्हटलं, ती तत्त्व सांभाळत बसलीय. तर माझ्यावरच डोळे वटारले.

दंड भर आणि घरी ये. तुझी जी काही चळवळ आहे ती मका घरात आल्यावर कर.

तुझी,
अल्मा

हॅडली, जिल्हा तुरुंग
८ ऑक्टोबर

प्रिय अल्मा,

तू मला अंधारकोठडीत कल्पून घेतलं असशील तर ते डोक्यातून काढ. तुरुंग म्हणजे शेरीफच्या घराचा वरचा मजला. खाली शेरीफची बायको, डोब्सबाई, स्वयंपाक करते, तोच आम्हाला मिळतो. आम्ही म्हणजे मी, एक घोडेचोर, आणि घरात दारू गाळणारा, पण दारूला पाप मानणाऱ्या मेथडिस्ट पंथातला एक जण, ज्याला पकडल्याची सगळ्यात जास्त लाज त्याच्या चर्चला वाटतेय. डोब्सबाईची मान वर्षभर आखडलेली होती. तिसऱ्या दिवशी मी तिला स्वयंपाकघरातल्या बाकावर पालथं झोपवलं आणि दोन मणके जागेवर बसवले. चौथ्या दिवसापासून माझ्या ताटात ॲपल-पाय यायला लागला.

ती मग माझं टेबलच दवाखान्यातून घेऊन आली. गेल्या रविवारी भेटीच्या वेळात अकरा पेशंट आले. ज्या गुन्ह्यासाठी आत टाकलं तोच गुन्हा मी शेरीफच्या वरच्या व्हरांड्यात करते, आणि शेरीफ वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसतो, म्हणजे कायद्याला काही दिसत नाही.

आता दंडाचं. हे मी तुला किती वेळा सांगू? डॅव्हनपोर्टच्या शाळेत मणके बसवायला शिकलेल्या आम्ही सगळ्यांनी शपथ घेतलीय. दंड भरला की गुन्हा कबूल केला. शंभर जण आत बसून आले, कुणी भरला नाही. मी भरला तर उद्या प्रत्येक डॉक्टर म्हणेल, बघा, दोन आठवड्यांत पाघळली, बाईच ती. जानेवारीत डे मॉइनला, विधिमंडळात, आमच्या परवान्याचा कायदा येतोय. तिथे समितीपुढे मी साक्षीला उभी राहणार आहे, पुरे नव्वद दिवस बसून आलेली. त्याचं वजन तुला कळत नाही, कारण तुला मक्यापलीकडे काही दिसत नाही.

आईसाठी. खाली पिसांची गादी असेल तर काढ, पेंढ्याची घाल. मिठाची पिशवी चुलीच्या भट्टीत गरम करून शेकायला दे. उभ्यानं काम करू देऊ नकोस. आणि तिच्या पाठीला कुणाला हात लावू देऊ नकोस. दाबायचं नाही, चोळायचंही नाही. ओल्सेनसारखा कुणी शहाणा आला तर दारातूनच घालव. हे विसरू नकोस, अल्मा.

तुझी,
सिग्ने

विलो क्रीक
१७ ऑक्टोबर

सिग्ने,

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? गादी बदलली. मीठ शेकून शेकून करपलं, घरभर वास सुटला. उभ्यानं काम करू देऊ नकोस म्हणतेस, तर तूच येऊन तिला बसव. मी पाठ फिरवली की ती पातेल्यापाशी असते.

तू आत गेल्यापासून सगळा तालुका वैद्य झालाय. शेजारची ब्रेकेबाई मोहरीचा लेप घेऊन आली. तिची जाऊ हंसाची चरबी घेऊन आली, बरणी अजून इथेच आहे आणि मांजर तिच्यापुढून हलत नाही. एमिलच्या भावानं टपालानं विजेचा पट्टा मागवला, तो कमरेला बांधून बटण दाबलं की अंगात म्हणे चैतन्य येतं. एमिलनं आधी स्वतः बांधून बघितला आणि एक शब्द ऐकवला, जो मी लिहिणार नाही. मग डेकोराकडून फिरत आलेला एक स्वीडिश मालीशवाला, सँडबर्ग म्हणून. दारातच बाह्या वर सारून उभा राहिला. तुझं सांगणं मला आठवत होतं, पण मी थकले होते गं. म्हटलं, बघू दे. आईनं त्याच्यावर उकळती किटली उगारली. तो ॲपल-पायचे दोन तुकडे खाऊन गेला.

हे झालं गमतीचं. आता नीट वाच.

आईला रोज संध्याकाळी अंगात कसर येते. गाल लाल होतात, आणि मी कपाळाला हात लावला की चुलीपाशी बसले होते म्हणते. तिचा रविवारचा झगा मी दोनदा शिवून घट्ट केला. चालताना ती टेबल धर, खुर्ची धर, असं करत जाते. ही कंबरदुखी नाही, सिग्ने. मी तुझ्यासारखी शिकलेले नाही, पण गाई-वासरं मीही सांभाळलीत. जनावर असं व्हायला लागलं की मी वाट बघत नाही.

डॉ. प्रेन्टिसला दाखवायचं म्हटलं तर ती म्हणते, ज्यानं माझ्या मुलीला कोंडलं त्याच्यापुढे मी पाठ उघडी करणार नाही. पाद्रीबाबांनी सांगून बघितलं. त्यांनाच कॉफी न देता परत पाठवलं, आपल्या घरात असं कधी झालं नव्हतं. ती ऐकेल ते फक्त तुझं. मला तुझी चळवळ नको, शपथ नको, सल्ले नकोत. एक ओळ लिही, आई, डॉक्टरकडे जा. खाली तुझं नाव. बाकी मी बघते.

अल्मा

हॅडली
२१ ऑक्टोबर

प्रिय अल्मा,

तू जे मागतेस ते काय आहे ते तुला कळतंय का? प्रेन्टिसनंच ती बाई माझ्याकडे पाठवली होती, कंबर धरून कण्हत आलेली. मी तिला टेबलावर झोपवलं, तिच्याशी गोड बोलले, तिला जाताना माझी छत्री दिली. चार दिवसांनी समन्स आलं, आणि खटल्याला तीच बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ताठ उभी. हा माणूस कोर्टात मला अडाणी म्हणाला. पियानो ठोकणाऱ्यांसारखी ही माणसं पाठी ठोकतात, आत काय आहे त्यांना माहीत नसतं, असं म्हणाला. आणि त्याच्याच दारात मी माझ्या आईला माझ्या हातची चिठ्ठी देऊन पाठवू? संध्याकाळपर्यंत सगळ्या जिल्ह्याला कळेल. जानेवारीत समितीपुढे माझ्या आधी ती चिठ्ठी पोचेल.

दुसऱ्या गावचा डॉक्टर बघा. मेसन सिटीला ने. चिखल आहे मला माहीत आहे, मका आहे तेही माहीत आहे, पण दोन आठवड्यांत रस्ता वाळेल.

तोवर मला एवढं कळव. आईला पायांची बोटं नीट कळतात का? डोळे मिटायला सांगून अंगठा वर-खाली कर आणि विचार. गरम-गार कळतं का तळपायाला? चालताना पाऊल उचलून टाकते का घासत? दोन्ही पायांचं वेगवेगळं कळव. लगेच कळव.

इथे बरं आहे. घोडेचोराची खांदेदुखी गेली. बोटांचं विसरू नकोस.

सिग्ने

विलो क्रीक
२६ ऑक्टोबर

सिग्ने,

बघितलं. उजवा ठीक. डाव्याचा अंगठा मी वर केला तर ती खाली म्हणाली. पायावर गरम पाण्याचा पेला टेकवला, तिनं विचारलं, कधी टेकवणार? पाऊल घासतं, चपलेचा पुढचा भाग झिजलाय.

आता तू मला सांग. दुखते पाठ, आणि तू विचारतेस बोटं, पत्रात दोनदा. पाठीला हात लावू देऊ नका हेही तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, तेव्हा मी तुला काहीच सांगितलं नव्हतं, फक्त ठणकते एवढंच. तुला काय माहीत आहे जे मला माहीत नाही?

अल्मा

हॅडली
२८ ऑक्टोबर

अल्मा,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी आईच्या पाठीवरून बोटं फिरवताना मधला एक मणका बाहेर आलेला लागला. जागचा सरकलेला मणका कसा लागतो ते माझ्या बोटांना झोपेतही कळतं. हा तसा नव्हता. टोकदार होता, आणि नुसता टिचकी मारल्यासारखा स्पर्श केला तरी आईनं श्वास आत ओढला. दोन्ही बाजूंचे स्नायू फळीसारखे कडक झाले होते. आम्हाला डॅव्हनपोर्टला हे शिकवलं होतं. क्षयानं पोखरलेला मणका असा लागतो. तिथे हात आवरायचा, एक्स-रे काढायचा आणि पेशंटला डॉक्टरकडे पाठवून द्यायचं. दाबलं तर मणका चुरतो आणि पाय जातात. हे मी परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवले होते.

हात मी आवरला. पाठवलं नाही.

त्याच आठवड्यात समन्स आलं होतं. मी स्वतःला म्हटलं, खटला होऊ दे. मग म्हटलं, कदाचित माझी बोटं चुकली असतील, आपल्या माणसाची पाठ नीट वाचता येत नाही. मग म्हटलं, शिक्षा संपू दे. दर शनिवारी मी तिच्या खांद्यांवर, मानेवर हात ठेवून बसत होते आणि तिला वाटत होतं मी तिला बरं करतेय. तुलाही तसंच वाटलं. मी तुला मक्यापलीकडे काही दिसत नाही असं लिहिलं. ते लिहिताना मला लाज वाटायला हवी होती, ती आता वाटतेय.

सोबत आईसाठी वेगळी चिठ्ठी आहे. तू मागितलेली ओळ. प्रेन्टिसकडेच ने, तोच सगळ्यात जवळ आहे. मेसन सिटीची वाट बघू नकोस. ज्याला कळायचं त्याला कळू दे.

तू चिडशील. चीड. पण आधी गाडी जोड.

सिग्ने

विलो क्रीक
१ नोव्हेंबर

सिग्ने,

मी चिडले की नाही ते नंतर. त्याला सवडीनं बसावं लागेल.

चिठ्ठी वाचून दाखवली. आईनं ती माझ्याकडून घेतली, चार घड्या घातल्या आणि एप्रनच्या खिशात ठेवली. म्हणाली, मला ऑगस्टपासून माहीत आहे. मी विचारलं, कुणी सांगितलं? ती म्हणाली, "तिचे हात तिथे जायचे थांबले. मी सात बाळंतपणं काढलीत, हात घाबरला की मला कळतं."

आणि म्हणून मग ती डॉक्टरकडे जाईल, असं तुला वाटेल. मलाही वाटलं. छे. आता मी त्याच्याकडे गेले तर सिग्ने आत बसली ती कशासाठी, असं तिचं म्हणणं. पोरीनं भीतीपोटी लिहिलंय, तुरुंगात माणूस काहीही लिहितं. समोर उभी राहून माझ्या तोंडावर सांगू दे, तर जाईन. एकीनं दंड भरायचा नाही, दुसरीनं डॉक्टर बघायचा नाही, आणि दोघींच्या मध्ये मी. दगडावर डोकं आपटलं असतं तर निदान दगड तरी हलला असता.

उद्या मतदान आहे. आपल्या बायकांचं पहिलं. आईनं दोन महिने त्याच्याच गप्पा मारल्या होत्या. आता म्हणते तू जाऊन ये, माझ्याच्यानं रांगेत उभं राहवणार नाही. त्यावरून काय ते समज.

रविवारी कणसं सोलणारे नसतात. एमिल तिला पेंढ्याच्या गाडीत गादी घालून चौदा मैल हळूहळू आणेल. मला येता येणार नाही, माझ्या धाकटीला डांग्या खोकला झालाय. भेटीची वेळ दोनची ना? तयार राहा. तिच्या तोंडावर सांगायला तयार राहा.

अल्मा

हॅडली
८ नोव्हेंबर

प्रिय अल्मा,

आई डोब्सबाईच्या पलंगावर आहे आणि तिनं अर्धी वाटी सूप घेतलं. एमिलनं तुला फोनवर फक्त "ठीक आहे" सांगितलं असेल, अकरा घरांमुळे. म्हणून मी सगळं लिहून त्याच्याच हाती देते.

एमिलनं तिला उचलून वर आणलं. ती इतकी हलकी झालीय की त्याला धापही लागली नाही. व्हरांड्यात माझे नऊ पेशंट बसले होते. मी त्यांना खाली पाठवलं. आईनं माझा चेहरा धरला आणि म्हणाली, बोल. मी सांगितलं. मणक्यात क्षय आहे, मला ऑगस्टमध्ये कळलं, मी लपवलं, आता डॉक्टरनं बघायलाच हवं. तिनं माझा चेहरा सोडला. मग म्हणाली, तू बाहेर ये, मी आत जाते, म्हणजे दंड भर तू आणि डॉक्टरकडे जाते मी. सौदा करायला बसली, त्या पाठीनं, ताठ. मी काही बोलायच्या आत डोब्सबाई शाल घेऊन जिना उतरली होती. प्रेन्टिसचं घर तीन दारं सोडून आहे. तिनं त्याला जेवणाच्या ताटावरून उठवून आणलं, कॉलरला अजून नॅपकिन लावलेला.

तो दारात थबकला. मी तिथे, माझं टेबल तिथे, शेरीफ वर्तमानपत्रामागे. मला वाटलं परत फिरेल. फिरला नाही. कोट काढला, हात धुतले, आणि आईला माझ्या टेबलावर पालथं घ्यायला सांगितलं. आई म्हणाली, सिग्ने माझे खांदे धरेल तरच. मी धरले. त्यानं बोट खाली आणत आणत नेमकं तिथे थांबवलं.

"हा कुणी दाबलाय?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

"तुम्ही?"

"ऑगस्टपासून तिथे बोट ठेवलेलं नाही."

त्यानं पायांना टाचणी लावून बघितली, गुडघे ठोकले, बराच वेळ घेतला. मग म्हणाला, हा मणका कुणी एकदा जरी दाबला असता तर आज या बाई उचलून नव्हे, लाकडासारख्या आणाव्या लागल्या असत्या. शेरीफनं वर्तमानपत्र खाली केलं. अल्मा, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी मला आनंद झाला. कुणीतरी हे लिहून घ्यावं असं वाटलं. मनातल्या मनात मी समितीपुढे उभी होते.

त्यानं आईच्या पाठीवर शाल ओढली, आणि माझ्याकडे न बघताच, अगदी हळू बोलला. "म्हणजे दाबायचं नाही हे तुम्हाला कळलं होतं. मग पाठवायचं हेही कळलं होतं."

माझे हात अजून आईच्या खांद्यांवर होते.

आई टेबलावरूनच म्हणाली, तिला बोलू नका, मीही गप्पच होते. तो म्हणाला, बाई, तुम्ही शिकलेल्या नाहीत, ही शिकलेली आहे. दोन महिन्यांपूर्वी यानं मला अडाणी म्हटलं होतं, ते मला लागलं नव्हतं. हे लागलं.

त्यानं मोठ्या इस्पितळाला तार केलीय. उद्याच्या आगगाडीनं आईला आडवंच न्यायचं, काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टर, आणि कित्येक महिने पडून राहायचं. उजव्या पायाची काळजी नाही असं म्हणाला. डाव्याबद्दल काही बोलला नाही. ब्रेकेबाई धाकटीला सांभाळेल, तू स्टेशनवर ये, एमिल तुला आणेल.

मी शेरीफला सांगितलंय, मला दंड भरायचा आहे. त्यानं दोनदा विचारलं, नक्की का? कागद उद्या येतील. गुरुवारी मी बाहेर पडेन आणि थेट इस्पितळात येईन. तुझंच खरं होतं, पहिल्या पत्रापासून. एवढंच कळव की कुठल्या खोलीत आहात.

सिग्ने

इस्पितळातून
१० नोव्हेंबर

सिग्ने,

हे पत्र पोस्टात टाकायला मी खालच्या परिचारिकेला दहा सेंट दिलेत, कारण ते गुरुवारच्या आत तुझ्या हातात पडलं पाहिजे.

दंड भरू नकोस.

हो, मीच लिहितेय. महिनाभर मी तुझ्यापुढे पदर पसरला, दंड भर म्हणून. तेव्हा तू बाहेर आली असतीस तर त्याचा आईला उपयोग होता. आता आईपाशी मी आहे, दोन परिचारिका आहेत, आणि तीन डॉक्टर कालपासून येऊन येऊन तिच्याभोवती लॅटिन बोलतात. तू येऊन काय करणार? खुर्चीत बसून रडणार, आणि ती प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या तुझी समजूत काढणार. ते तिला झेपायचं नाही आणि मला बघवायचं नाही. आज तू बाहेर पडलीस तर बरं वाटेल ते एकट्या तुला. म्हणून बस तिथेच.

आई कशी आहे ते सांगते. प्लास्टर घातलंय, तिला ते अजिबात आवडलेलं नाही, आतून खाज सुटते म्हणून विणायची सुई मागितली आणि परिचारिकेनं ती काढून घेतली. तापाचा पारा उतरतोय. इथला मोठा डॉक्टर म्हणाला, वर्षभरानं ती काठी घेऊन चालेल. डावं पाऊल परत येणार नाही. ते घासतच राहील. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? तो म्हणाला, सप्टेंबरात आणलं असतं तर बहुतेक दोन्ही पावलांवर चालत घरी गेली असती. मी त्याला विचारायला नको होतं, पण विचारलं, आणि मला कळलं तसं तुलाही कळायला हवं म्हणून लिहिते.

आता माझ्या चिडण्याचं. सवडीनं बसावं लागेल म्हटलं होतं, इथे सवडच सवड आहे. तू तुरुंगात गेलीस त्याचा मला राग नाही. ओसरीवरच्या पेशंटांचा नाही, करपलेल्या मिठाचा नाही. तुला ऑगस्टमध्ये कळलं, तू आधी खटला होऊ दे म्हणून गप्प बसलीस. आईला ऑगस्टमध्ये कळलं, तुझा खटला बिघडायला नको म्हणून ती गप्प बसली. दोघी दर शनिवारी माझ्याच बैठकीत, दार लावून, एकमेकींवर माया करत बसलात. आणि मी शेजारच्या खोलीत तुमच्यासाठी कॉफी ठेवत होते. सगळ्या घरात एकटीला माहीत नव्हतं ती मी, आणि आईला गाडीत घालून न्यायचा हट्ट धरणारीही एकटी मीच होते. मला सांगितलं असतंत तर मी प्रेन्टिस, चळवळ, खटला, कुणाला विचारलं नसतं. घोडे जोडले असते. हे मी तुला माफ करेन, कारण तू माझी बहीण आहेस आणि दुसरा इलाज नाही. पण आज नाही.

तुझे नव्वद दिवस पुरे कर. जानेवारीत डे मॉइनला जा. समितीपुढे उभी राहा आणि तुमच्या लोकांना परवाना द्या म्हणून सांग, मला ते पटतं, डोब्सबाईची मान मी बघितलीय. पण तिथे ऑगस्टचंही सांग. तुझ्या बोटांना काय लागलं, तू हात कसा आवरलास, आणि मग काय केलं नाहीस, सगळं, तुझ्या तोंडानं, तिथे प्रेन्टिस बसलेला असला तरी. तुझे डॅव्हनपोर्टवाले तुला गप्प करायला बघतील. कायदा त्यानं बुडेल म्हणतील. बुडाला तर बुडाला. ज्यांना परवाना हवा त्यांनी पेशंटला डॉक्टरकडे कधी पाठवायचं हे आधी म्हणून दाखवलं पाहिजे. तू हे सांगितलंस की नाही ते मी वर्तमानपत्रात वाचेन, तुझ्या पत्रावर विसंबणार नाही.

आईला मी हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, तिच्याशी इतकं कडक बोलू नकोस. मी म्हटलं, तू गप्प बस, तुझं अजून यायचंय.

एकोणीस डिसेंबरला तू सुटशील. मी स्वतः गाडी घेऊन येईन, एमिलला पाठवणार नाही. चौदा मैलांत मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही, तूही बोलू नकोस. घरी आलीस की हात धू आणि जेवायला बस. मग बोलू.

अल्मा